हातात किती प्रकल्प घ्यायचे? संस्थेचा प्रकल्प-पोर्टफोलिओ उभारण्याची पद्धत

बहुतेक संस्थांत प्रत्येक प्रकल्पाला मॅनेजर असतो, वेळापत्रक असतं, दर आठवड्याला मीटिंग होते, स्टेटस रिपोर्ट निघतो. तरीही वर्षअखेरीला हिशेब मांडला की सुरू केलेल्यांपैकी थोडेच प्रकल्प पूर्ण झालेले दिसतात आणि बाकीच्यांचं भिजत घोंगडं पुढच्या वर्षात जातं. मग मॅनेजरांना प्रशिक्षण दिलं जातं, नवं सॉफ्टवेअर घेतलं जातं. माझ्या मते दुखणं दुसरीकडेच असतं. प्रत्येक प्रकल्प वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बैठकीत मंजूर झालेला असतो. त्या सगळ्यांना मिळून पुरतील इतकी माणसं आहेत का, हे एकत्र बसून कुणी मोजलेलंच नसतं. एकाच टेस्टरकडे, एकाच कायदा सल्लागाराकडे, डेटाबेसच्या एकाच जाणकाराकडे पाच प्रकल्पांची कामं एकाच आठवड्यात येऊन पडतात आणि पाचही प्रकल्प तिथे अडतात.

पोर्टफोलिओ म्हणजे संस्थेने हाती घेतलेल्या सगळ्या प्रकल्पांचा एकत्र संच. पोर्टफोलिओ व्यवस्थापन सुरू होतं ते इथून. प्रकल्प व्यवस्थापन विचारतं, ‘हाती घेतलेलं काम नीट कसं पार पाडायचं?’ पोर्टफोलिओ व्यवस्थापन त्याच्या आधीचा प्रश्न विचारतं, ‘कोणतं काम हाती घ्यायचं, कोणतं थांबवायचं आणि कोणतं आत्ता घ्यायचं नाही?’ मूळ विचार गुंतवणुकीच्या जगातला आहे. अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये दाखवलं की एकेका गुंतवणुकीची जोखीम सुटी पाहून भागत नाही, ती बाकीच्या गुंतवणुकींच्या सोबतीत कशी वागते हे पाहावं लागतं. या कामासाठी त्यांना १९९० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक वॉरन मॅकफार्लन यांनी १९८१ मध्ये हाच विचार माहिती तंत्रज्ञानाच्या प्रकल्पांना लावला. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये पोर्टफोलिओ व्यवस्थापनाचं स्वतंत्र मानक काढलं आणि २०१५ मध्ये आयएसओ २१५०४ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. ही मानकं उपयोगी आहेत, पण चाळीस माणसांच्या संस्थेला ती उघडल्यावर सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. पुढची पद्धत अशा संस्थेलाही झेपेल. मोठ्या संस्थेने ती आधी एका विभागात चालवून पाहावी.

पायरी १: आधी सगळे प्रकल्प एका यादीत आणा

हे काम सोपं वाटतं, पण इथेच पहिला धक्का बसतो. व्यवस्थापनाला माहीत असलेले प्रकल्प आणि माणसं प्रत्यक्षात ज्यांवर काम करतात ते प्रकल्प यांत बरंच अंतर असतं. म्हणून यादी तीन बाजूंनी गोळा करा. बजेटमध्ये कशाकशासाठी पैसे ठेवले आहेत ते पाहा. बाहेरच्या पुरवठादारांशी कोणते करार चालू आहेत ते पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचं, काम करणाऱ्या प्रत्येकाला विचारा, ‘गेल्या दोन आठवड्यांत तुमचा वेळ कशाकशात गेला?’ तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असे प्रकल्प सापडतात ज्यांना कागदोपत्री कुणीच मंजुरी दिलेली नाही. एखाद्या विभागप्रमुखाने तोंडी सांगितलेलं काम, गेल्या वर्षी बंद झाला असं सगळे समजतात तो प्रकल्प, किंवा दोन विभागांनी एकमेकांच्या नकळत सुरू केलेलं एकच काम.

प्रकल्प कशाला म्हणायचं याची एक रेषा ठरवा. उदाहरणार्थ, पंधरा मनुष्यदिवसांहून (एक मनुष्यदिवस म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम) जास्त काम किंवा एकाहून जास्त विभागांचा सहभाग असेल तर तो यादीत येईल, बाकीचं रोजच्या कामात. रेषा नेमकी कुठे आहे यापेक्षा ती सर्वांना सारखी लागू आहे हे महत्त्वाचं.

प्रत्येक प्रकल्पाची एकच ओळ लिहा: नाव, तो कशासाठी आहे, कुणाच्या सांगण्यावरून, कोण चालवतो, आजवर किती खर्च झाला, अजून किती लागेल, कोणकोणती माणसं लागतात, कधी संपेल. पहिल्या खेपेला यापेक्षा जास्त रकाने करू नका. रकाने वाढले की माणसं फॉर्म भरणं टाळतात आणि यादी अर्धवट राहते. साधी स्प्रेडशीट पुरते. महागडं पोर्टफोलिओ सॉफ्टवेअर आधी घेतलं तर तीन महिने त्याच्याच जुळवाजुळवीत जातात. निर्णयाची पद्धत बसली, प्रकल्पांची संख्या हाताबाहेर जाऊ लागली, की मग घ्या.

पायरी २: क्षमता मोजा, तीही खरी

संपूर्ण पद्धतीत एकच पायरी मन लावून करायची असेल तर ती ही. पैसा कमी पडला तर लगेच कळतं, कारण त्याचा हिशेब ठेवणारा विभाग असतो. माणसांचा वेळ कमी पडला तर तो उशिराच्या रूपाने, महिन्यांनंतर दिसतो.

समजा बारा जणांची टीम आहे. एका तिमाहीत कामाचे ६० दिवस धरले तर एकूण ७२० मनुष्यदिवस झाले. रजा, आजारपण, प्रशिक्षण यांचे ९० वजा केले की ६३० उरले. चालू व्यवस्थेची देखभाल, तक्रारी, नेहमीचे अहवाल यांत ३१० गेले तर ३२० उरले. ऐनवेळी उद्भवणाऱ्या कामांसाठी ५० बाजूला ठेवा. प्रकल्पांसाठी उरले २७०, म्हणजे एकूण दिवसांच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. अनेक संस्था प्रकल्पांची आखणी पूर्ण ७२० दिवस हाताशी आहेत असं धरून करतात. तिथे उशीर पहिल्या दिवशीच ठरून गेलेला असतो.

हा हिशेब झाल्यावर कौशल्यांकडे वळा, कारण एकूण दिवस पुरले तरी काम अडू शकतं. एक तक्ता करा. उभ्या बाजूला कौशल्यं, आडव्या बाजूला महिने, प्रत्येक चौकटीत उपलब्ध दिवस आणि मागणी. बहुतेक कौशल्यांत ताण दिसणार नाही. दोन-तीन ठिकाणी मागणी उपलब्धतेच्या दुप्पट दिसेल. घोडं तिथेच अडतंय. पोर्टफोलिओत किती प्रकल्प बसतील हे बाकी शंभर माणसांवर अवलंबून नसतं, ते या दोन-तीन जागांवर ठरतं. इथली कामं दुसऱ्या कुणाला शिकवणं, या माणसांना मीटिंगमधून मोकळं करणं, त्यांच्याकडे येणारी कामं एका रांगेत लावणं, हे उपाय कोणत्याही नव्या साधनापेक्षा जास्त फळ देतात.

‘सगळे नेहमी शंभर टक्के कामात असले पाहिजेत’ हा आग्रह का घातक आहे, हे रांगेच्या गणितातून स्पष्ट होतं. एकाच जाणकाराकडे कामं अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर त्याचा ८० टक्के वेळ व्यापलेला असताना नवं काम सरासरी एका कामाच्या वेळेच्या चौपट थांबतं. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. म्हणजे दोन दिवसांच्या तपासणीसाठी आधी आठ दिवस, मग अठरा, मग अडतीस दिवस वाट पाहावी लागते. माणूस तोच, मेहनत तेवढीच, फक्त मोकळीक संपली. म्हणून अडणाऱ्या जागी थोडा वेळ हातचा राखून ठेवणं ही चैन नव्हे. सगळ्या प्रकल्पांचा वेग त्यावर टिकतो.

दुसरं गणित जॉन लिटल यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी ते १९६१ मध्ये सिद्ध केलं. हातात असलेली कामं भागिले पूर्ण होण्याचा दर, बरोबर प्रत्येक कामाला लागणारा सरासरी काळ. तुमच्याकडे बारा प्रकल्प चालू असतील आणि वर्षाला सहाच पूर्ण होत असतील, तर एक प्रकल्प सरासरी दोन वर्षं घेणार. पूर्ण होण्याचा दर रातोरात वाढत नाही. हातातली कामं कमी करणं मात्र पुढच्या बैठकीतही जमण्यासारखं आहे.

एका माणसाला तीन प्रकल्प दिले आहेत असं धरा, प्रत्येकाला दोन महिन्यांचं काम. एकामागून एक केले तर ते दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्याच्या शेवटी संपतात. प्रत्येकाला खूश ठेवण्यासाठी एकेक महिना आलटून पालटून केले तर चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या महिन्याच्या शेवटी संपतात. पहिला दोन महिने लांबला, दुसरा एक महिना लांबला आणि तिसऱ्याला काहीच फायदा झाला नाही. एका कामातून दुसऱ्यात शिरताना जो वेळ जातो तो यात धरलेलाच नाही. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण याच अनुभवातून आलेली आहे.

पायरी ३: संस्थेला काय हवं आहे ते मोजकं लिहा

धोरणाची कागदपत्रं लांबलचक असतात. प्रकल्प निवडताना त्यांतून तीन ते पाच उद्दिष्टं पुरतात, पण ती अशी असावीत की त्यांच्या आधारे एखाद्या प्रकल्पाला नकार देता येईल. ‘ग्राहकांना उत्तम सेवा’ या वाक्यात कोणताही प्रकल्प बसतो. ‘तक्रार आल्यापासून तोडगा निघेपर्यंतचा वेळ पुढच्या वर्षभरात निम्म्यावर आणायचा’ या वाक्यात सगळेच बसत नाहीत.

त्यानंतर उपलब्ध क्षमतेचे ढोबळ वाटे पाडा. एक वाटा चालू व्यवस्था सुरक्षित आणि कायद्याला धरून ठेवणाऱ्या कामांचा, एक चालू कामात सुधारणा करणाऱ्यांचा, एक नव्या वाटा शोधणाऱ्यांचा. गूगलने एकेकाळी ७०-२०-१० असं प्रमाण जाहीरपणे सांगितलं होतं, मूळ व्यवसाय, त्याला लागून असलेली कामं आणि अगदी नवी कामं असं. तुमचं प्रमाण वेगळंच असेल. वाटे आधी पाडण्याचा फायदा हा की शोध घेणाऱ्या छोट्या प्रकल्पाला कायद्याने बंधनकारक असलेल्या प्रकल्पाशी टक्कर द्यावी लागत नाही. ती टक्कर तो दर वेळी हरतो.

अनिवार्य प्रकल्पांबद्दल सावध राहा. ‘हे करावंच लागेल’ असा शिक्का बसला की चर्चा थांबते, म्हणून तो शिक्का मिळवण्याची धडपड होते. तीन प्रश्न लेखी विचारा: कोणत्या नियमामुळे? कोणत्या तारखेपर्यंत? नियम पाळण्यासाठी कमीत कमी किती करावं लागेल? तिसऱ्या उत्तराइतकाच भाग अनिवार्य. त्याला जोडून आलेल्या सोयी-सुधारणांनी बाकीच्या प्रस्तावांबरोबर रांगेत उभं राहावं.

पायरी ४: प्रस्ताव दोन पानांत मागवा

प्रस्ताव पन्नास पानांचा असला की तो कुणी वाचत नाही आणि लिहिणाऱ्याची त्यात इतकी मेहनत गेलेली असते की नकार देणं अवघड होतं. दोन पानांत एवढं यायला हवं: कोणती अडचण सोडवायची आहे, ती सुटली हे कशावरून कळेल, फायदा मिळवून देण्याची जबाबदारी नावानिशी कुणाची, अंदाजे खर्च, पूर्ण झाल्यावर दरवर्षीचा देखभालीचा खर्च, कोणती कौशल्यं किती दिवस लागतील, कोणत्या प्रकल्पावर हा अवलंबून आहे, आणि कोणती परिस्थिती आली तर तो थांबवायचा.

देखभालीचा रकाना हमखास रिकामा येतो. तो भरून घ्या. पूर्ण झालेला प्रत्येक प्रकल्प पायरी २ मधल्या त्या ३१० दिवसांत भर घालतो, आणि हे कुणी पाहिलं नाही तर दोन-तीन वर्षांत प्रकल्पांसाठी वेळच उरत नाही.

अंदाजांच्या बाबतीत माणसाचा स्वभाव आड येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या दोषाला नाव दिलं, ‘प्लॅनिंग फॅलसी’, म्हणजे आखणीतला भ्रम. आपण आपल्या योजनेच्या आतून पाहतो, तशीच कामं पूर्वी कशी झाली ते पाहत नाही. सिडनी ऑपेरा हाउसचं उदाहरण प्रसिद्ध आहे. बांधकाम १९५९ मध्ये सुरू झालं तेव्हा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता आणि ते १९६३ च्या जानेवारीत संपायचं होतं. प्रत्यक्षात ते १९७३ मध्ये खुलं झालं आणि खर्च १० कोटी २० लाख डॉलर झाला. छताच्या शिंपल्यांसारख्या आकारांची रचना कशी उभी राहणार हे सुटण्याआधीच पायाचं काम सुरू करण्यात आलं होतं. मुख्य अडचण सुटलेली नसताना पक्की तारीख आणि पक्का आकडा जाहीर केला की काय होतं, हे त्यातून शिकावं.

उपाय दोन. एक, प्रस्तावात एकच आकडा स्वीकारू नका, ‘कमीत कमी, बहुधा, जास्तीत जास्त’ असे तीन मागा. दोन, स्वतःच्या संस्थेतले अशाच स्वरूपाचे आठ-दहा जुने प्रकल्प काढा आणि त्यांचा मूळ अंदाज व प्रत्यक्ष खर्च शेजारी लिहा. ते सरासरी दीडपट फुगले असतील तर नव्या अंदाजालाही दीडने गुणा. प्रस्ताव मांडणारा म्हणेल की या वेळी गोष्ट वेगळी आहे. ती वेगळी का, हे त्याने पुराव्यानिशी दाखवावं.

पायरी ५: तुलना करा

गुण देऊन क्रम लावण्याची पद्धत सर्वत्र वापरतात. ती वापरा, पण काही पथ्यं पाळा. निकष चार-पाचच ठेवा. त्यांना द्यायचं वजन प्रस्ताव पाहण्याआधी ठरवा, नाहीतर आवडत्या प्रकल्पाला सोयीचं वजन दिलं जातं. गुण देणाऱ्यांनी आधी आपापले लिहावेत आणि मग एकत्र उघडावेत, म्हणजे वरिष्ठांचा आकडा ऐकून बाकीचे आपला बदलणार नाहीत. शेवटी वजनं थोडी वरखाली करून पाहा. जे प्रकल्प तरीही वरच राहतात त्यांच्याबद्दल वाद नको. जे वरखाली होतात तेवढ्यांवरच चर्चेचा वेळ खर्च करा. ७२ गुणांचा प्रकल्प ७० गुणांच्या प्रकल्पाहून चांगला आहे असं मानणं चुकीचं, कारण मूळ गुण तेवढे अचूक नसतातच.

मला स्वतःला दुसरा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो, विशेषतः क्रम ठरवताना: हा प्रकल्प एक महिना उशिरा झाला तर किती नुकसान? त्या आकड्याला लागणाऱ्या महिन्यांनी भागा. समजा एकाच टीमपुढे तीन प्रकल्प आहेत. पहिल्याला तीन महिने लागतात आणि उशिराचं नुकसान महिन्याला ६ एकक. दुसऱ्याला एक महिना, नुकसान ४. तिसऱ्याला सहा महिने, नुकसान ९. भागाकार येतात २, ४ आणि १.५, म्हणून क्रम दुसरा, पहिला, तिसरा. या क्रमाने ते पहिल्या, चौथ्या आणि दहाव्या महिन्याच्या शेवटी संपतात आणि एकूण नुकसान होतं ४ अधिक २४ अधिक ९०, म्हणजे ११८. ‘सर्वांत मोठा प्रकल्प आधी’ या सवयीने तिसरा, पहिला, दुसरा असं केलं तर ५४ अधिक ५४ अधिक ४०, म्हणजे १४८. माणसं तीच, काम तेवढंच, फक्त क्रम बदलला. आकडे अचूक नसले तरी चालतात. सामाजिक संस्थेत किंवा सरकारी कार्यालयात नुकसान पैशांत न मांडता थांबलेल्या लाभार्थींत किंवा वाया जाणाऱ्या तासांत मांडता येतं.

पायरी ६: संच म्हणून पाहा आणि रेषा मारा

क्रम लागला की वरून खाली या आणि प्रत्येक प्रकल्पाला लागणारे दिवस पायरी २ मधल्या तक्त्यातून वजा करत जा, कौशल्यागणिक. जिथे पहिलं कौशल्य संपेल तिथे थांबून पाहा. त्याच्या खालचा एखादा प्रकल्प ते कौशल्य मागतच नसेल तर तो घेता येईल. बाकीच्यांच्या वर रेषा. रेषेखालच्या प्रकल्पांना ‘सुरू नाही’ असं स्पष्ट म्हणा. ‘हळूहळू चालू द्या’ ही तडजोड सर्वांत महाग पडते, कारण ते प्रकल्प अडणाऱ्या माणसांचा वेळ खात राहतात आणि पूर्णही होत नाहीत.

मग निवडलेल्यांकडे एकत्र पाहा. मॅकफार्लन यांचा मुद्दा इथे लागू पडतो: सगळेच प्रकल्प मोठे, नव्या तंत्रज्ञानाचे आणि अस्पष्ट मागण्यांचे असतील तर एकेकाची जोखीम परवडणारी असूनही संच म्हणून ती पेलवत नाही. सगळेच अगदी सुरक्षित असतील तर संस्था दोन वर्षांनी मागे पडलेली असेल. चार प्रकल्प एकाच पुरवठादारावर टेकलेले आहेत का? एका प्रकल्पाच्या उशिराने किती जण अडतील?

आणखी एक तपासणी क्वचितच होते, ती म्हणजे बदल सोसणाऱ्यांची. लेखा विभागात एकाच तिमाहीत नवी प्रणाली, नवी कार्यपद्धती आणि जागाबदल येणार असेल, तर तिन्ही प्रकल्प वेळेत होऊनही तिन्ही फसतील. विभाग आणि महिने यांचा तक्ता करून प्रत्येक चौकटीत किती बदल येतात ते मोजा. दोनपेक्षा जास्त दिसले तर एखादा पुढे ढकला.

संख्या कमी करण्याचं धाडस मोठ्या कंपन्यांनाही करावं लागलं आहे. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स ॲपलमध्ये परतले तेव्हा त्यांनी भारंभार उत्पादनं बंद करून चारच चौकटी ठेवल्या: सामान्य ग्राहक आणि व्यावसायिक, टेबलावरचा संगणक आणि सोबत नेण्याचा. १९९८ मध्ये आयमॅक आला तो त्या चौकटींपैकी एकीत.

पायरी ७: निर्णय कोण आणि कधी घेणार?

पाच ते सात जणांची निर्णय समिती करा. त्यांत पैसा आणि माणसं खरोखर हलवण्याचा अधिकार असलेले लोक हवेत. प्रतिनिधी पाठवण्याची मुभा ठेवू नका, कारण प्रतिनिधी ‘विचारून सांगतो’ म्हणतो आणि निर्णय महिनाभर लांबतो. महिन्यातून एकदा चालू प्रकल्पांचा आढावा आणि तिमाहीतून एकदा संपूर्ण संचाची फेरनिवड, इतकी लय बहुतेकांना पुरते. वर्षातून एकदाच निवड करणाऱ्या संस्थेत फेब्रुवारीत सुचलेल्या चांगल्या कामाला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं, म्हणून ते मागच्या दाराने आत येतं.

काही नियम लिहून ठेवा. नवा प्रकल्प आत घ्यायचा तर कोणता बाहेर जाईल किंवा कोणता संपल्यावर हा सुरू होईल, ते त्याच बैठकीत सांगायचं. संस्थाप्रमुखाच्या प्रकल्पालाही हाच नियम. पैसे टप्प्याटप्प्याने मंजूर करायचे: आधी शंका दूर करण्यापुरते, त्या दूर झाल्या की पुढचे. प्रत्येक निर्णय आणि त्यामागचं कारण दोन ओळींत नोंदवून सगळ्यांना वाचायला खुलं ठेवायचं. ज्याचा प्रस्ताव मागे पडला त्याला कारण कळलं की तो पुढच्या वेळी चांगला प्रस्ताव आणतो. कारण कळलं नाही तर तो ओळखीने काम करून घेण्याचा मार्ग शोधतो.

पीएमओ, म्हणजे सगळ्या प्रकल्पांची माहिती सांभाळणारं कार्यालय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस), असेल तर त्याचं काम समितीपुढे खरी माहिती ठेवणं हे आहे. निवड समितीची. लहान संस्थेत एक चोख माणूस अर्धा वेळ देऊन हे करू शकतो.

पायरी ८: चालू प्रकल्पांवर नजर

लाल-पिवळा-हिरवा अशा रंगांच्या अहवालात बरेच प्रकल्प शेवटच्या महिन्यापर्यंत हिरवे असतात आणि मग एकदम लाल होतात. रंग मॅनेजरच्या मर्जीवर सोडला की हेच होणार. व्याख्या ठरवा: संपण्याच्या तारखेचा अंदाज मूळ कालावधीच्या दहा टक्क्यांहून जास्त पुढे सरकला की पिवळा, वीस टक्क्यांहून जास्त की लाल. टक्के तुम्ही तुमचे ठरवा.

याहून साधं साधन म्हणजे तारखांचा इतिहास. दर महिन्याला प्रत्येक प्रकल्पाची ‘आजच्या अंदाजाने संपण्याची तारीख’ नोंदवत जा. जी तारीख दर महिन्याला महिनाभर पुढे जाते, तो प्रकल्प जागचा हललेला नाही, त्याचा रंग कोणताही असो.

लाल दाखवणाऱ्याला बैठकीत काय ऐकावं लागतं, यावर पुढचे सगळे अहवाल ठरतात. पहिला प्रश्न ‘तुम्हाला आमच्याकडून काय हवं आहे?’ असाच असला पाहिजे. समितीच्या अध्यक्षाने हे मनापासून पाळलं तर वाईट बातमी लवकर येते, आणि लवकर आलेल्या वाईट बातमीवर उपाय स्वस्त असतो.

पायरी ९: थांबवणं

ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये करार करून कॉन्कॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाचं काम सुरू केलं. खर्च फुगत गेला. १९६४ मध्ये सत्तेवर आलेल्या ब्रिटिश सरकारला त्यातून बाहेर पडायचं होतं, पण करारात माघारीचं कलमच नव्हतं. १९७६ मध्ये विमान प्रवासी सेवेत आलं, पण विमान कंपन्यांच्या ताफ्यात गेली ती फक्त १४. ‘इतका खर्च झालाच आहे, आता थांबायचं कसं’ या विचारदोषाला आजही ‘कॉन्कॉर्ड फॅलसी’ म्हणतात. व्यवहारात दोन गोष्टी करा. पुरवठादाराशी करार करताना टप्प्यावर बाहेर पडण्याचं कलम घालून घ्या. आणि थांबवण्याच्या अटी पहिल्याच प्रस्तावात लिहून घ्या, तेव्हा कुणाच्याच भावना गुंतलेल्या नसतात.

आढाव्यात झालेला खर्च बाजूला ठेवा आणि विचारा: इथून पुढे जेवढे पैसे आणि दिवस लागणार आहेत, तेवढ्यात हाच फायदा मिळवण्याचा प्रस्ताव आज नव्याने आला असता तर आपण तो घेतला असता का? उत्तर नाही असेल तर थांबवा. ऐंशी टक्के झालेला, थोड्या खर्चात पूर्ण होणारा प्रकल्प या कसोटीवर बहुधा टिकतो, त्यामुळे घाईने बंद करण्याची भीती बाळगायला नको.

थांबवताना माणसांची काळजी घ्या. टीमला निर्णय सर्वांत आधी आणि समोरासमोर सांगा, गटाच्या ईमेलमधून नव्हे. त्याच दिवशी कोण कोणत्या कामावर जाणार ते ठरलेलं असावं. तयार झालेली कागदपत्रं, कोड, चाचण्यांचे निकाल, पुरवठादाराची देणी यांचा आठवडाभरात निपटारा करा. प्रकल्प बंद झाला म्हणून कुणाची बढती अडली, असं एकदा जरी घडलं तरी पुढे कुणी आपला प्रकल्प थांबवायला तयार होणार नाही.

पायरी १०: फायदा मिळाला का?

प्रकल्प पूर्ण झाला की टीम पांगते आणि फायद्याचा हिशेब राहून जातो. पूर्ण झाल्यानंतर सहा महिन्यांनी, गरज पडली तर वर्षाने, प्रस्तावात ज्याचं नाव होतं त्याने समितीपुढे दहा मिनिटांत सांगावं: काय कबूल केलं होतं, काय मिळालं, फरक का पडला. हे आकडे पायरी ४ मधल्या जुन्या प्रकल्पांच्या यादीत जातात आणि पुढचे अंदाज सुधारतात. ही तपासणी होणार हे माहीत असलं की प्रस्तावांतले फुगवलेले फायदेही आपोआप आटोक्यात येतात.

पहिले तीन महिने

दहाही पायऱ्या एकदम उभारायला जाऊ नका. पहिल्या महिन्यात फक्त यादी करा आणि अडणाऱ्या दोन-तीन कौशल्यांचा तक्ता. नवा प्रकल्प सुरू करायला या महिन्यात बंदी, कायद्याचं बंधन असेल तेवढा अपवाद. दुसऱ्या महिन्यात समिती नेमा, तीन ते पाच उद्दिष्टं लिहा आणि चालू प्रकल्पांपैकी कोणते थांबवायचे, कोणते गोठवायचे आणि कोणते एकत्र करायचे हे ठरवा. गुण देण्याची तयारी नसेल तर उशिराच्या नुकसानीचा ढोबळ अंदाजही चालेल. मोकळी झालेली माणसं नव्या प्रकल्पावर टाकण्याचा मोह होईल. त्यांना पूर्णत्वाच्या सर्वांत जवळ असलेल्या दोन प्रकल्पांवर पाठवा. तिसऱ्या महिन्यात पहिला मासिक आढावा घ्या, तासाभरात संपणारा, तीनच विषयांचा: कोणत्या तारखा सरकल्या, कोणता निर्णय अडला आहे, आणि काय पूर्ण झालं. नवे प्रस्ताव त्या बैठकीत घेऊ नका. ते तिमाही निवडीच्या बैठकीत, एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहिले जातील, आणि तिची तारीख याच बैठकीत सगळ्यांच्या कॅलेंडरवर टाका.